पांढरी पूड आणि प्लॅटिनम

बमरोली-पांडेसऱ्याच्या मागांचा खडखडाट आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांना परिचित आहे. पॉलिएस्टर धाग्याची चकाकी कमी करण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड मिसळतात. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की याच द्रव्याच्या विद्युदग्रावर प्रकाश पडला असता पाणी फुटून हायड्रोजन मिळतो. विजेने पाणी फोडणे 1800 सालीच साधले होते. येथे ते काम प्रकाशाने केले.

पूड स्वस्त, ऊन फुकट. मग अडले कोठे? ही पूड केवळ अतिनील किरण शोषते आणि उन्हात ते जेमतेम विसावा हिस्सा. शिवाय दुसरे टोक प्लॅटिनमचे! पुढील संशोधनाचा मोठा भाग या महाग उत्प्रेरकांना पर्याय शोधण्यात गेला. निकेल, मॉलिब्डेनम सल्फाइड आणि ऑक्सिजनच्या टोकासाठी 2008 साली नोसेरा-कानन यांचा कोबाल्ट-फॉस्फेट थर हे त्यातले टप्पे. सरकारी नोकरीत दरपत्रके चाळताना आम्ही भावाआधी टिकाऊपणा विचारीत असू. येथेही तोच प्रश्न अडून आहे.

जानेवारी 2023 मध्ये सुरतेजवळ कवासच्या एनटीपीसी वसाहतीत स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळू लागले. मात्र तो सौरविजेने काढलेला, थेट उन्हाने नव्हे.

किलोभर हायड्रोजनास किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. आमच्या बमरोलीत महापालिका सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या गिरण्यांना देते. त्यातला थोडा वाटा आणखी गाळून एखाद्या प्रयोगशाळेस मिळावा, असे आम्हांस वाटते.