डब्यातली अंडी आणि वहीतल्या तारखा

कोंबडीच्या अंड्यातून साधारण 21 दिवसांत पिल्लू बाहेर येतं. आता व्हेल्ड शॅमेलिऑन घ्या. हा सरडा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियातला. त्याचं अंडं घरात 25 ते 28 अंश सेल्सिअसला ठेवलं तर फुटायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. सुरुवातीचे कित्येक आठवडे आत काहीच घडत नाही असं वाटतं. अंड्यामागे टॉर्च धरला तरी एक रक्तवाहिनी दिसत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? खराब म्हणून फेकून दिलं असतं?

मी जवळपास तेच केलं, फक्त अंड्यांऐवजी वह्यांच्या बाबतीत. माझ्या प्रबंधाचा विषय आहे: घरी प्राणी पाळणाऱ्यांची माहिती शास्त्रापर्यंत कशी पोचते. आणि पहिल्याच मसुद्यात मी त्यांच्या नोंदींना 'हौशी साहित्य' म्हणून एका तळटीपेत टाकून मोकळी झाले. गाईडने एकच प्रश्न विचारला, "मग अंडी मोजली कोणी?"

आधी पद्धत समजून घेऊ. मादी ओलसर मातीत बोगदा खणून अंडी घालते, एका वेळी कित्येक डझनसुद्धा. पाळणारा ती अलगद उचलतो, वरची बाजू वरच ठेवतो, कारण अंडं उलटलं तर गर्भाला धोका असतो. मग बागकामात वापरतात ते व्हर्मिक्युलाइट ओलसर करून प्लास्टिकच्या डब्यात भरायचं, त्यात अंडी अर्धवट रुतवायची, झाकणावर तारीख लिहायची आणि डबा कपाटात. बस्स. पुढे फक्त वाट बघणं.

1977 पासून बऱ्याच शॅमेलिऑनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आलं. 1995 साली तर मादागास्करमधल्या चार जाती सोडून तिथल्या बहुतेक शॅमेलिऑनची आयात थांबवण्याची शिफारस झाली. रानातला प्राणी मिळणं अवघड झालं, तसं कपाटातल्या डब्याचं महत्त्व वाढलं. त्याच वर्षी फिलिप द व्होसजोली आणि गॅरी फर्ग्युसन यांनी संपादित केलेलं शॅमेलिऑनच्या संगोपन-प्रजननावरचं पुस्तक आलं. संपादकांपैकी फर्ग्युसन हे टेक्सासमधले विद्यापीठीय संशोधक, हे लक्षात घ्या. घर आणि प्रयोगशाळा यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी जाड नव्हती.

पाळणाऱ्यांमध्ये दोन गोष्टी सांगितल्या जात. पहिली: अंडी बराच काळ 'थांबून' राहतात, घाई करू नका. दुसरी: उबवण्याचं तापमान बदललं की नर-मादीचं प्रमाण बदलतं.

पहिली गोष्ट टिकली. बहुतेक सरडे अंडी घालतात तेव्हा गर्भाची बरीच वाढ झालेली असते. व्हेल्ड शॅमेलिऑनचा गर्भ मात्र तेव्हा गॅस्ट्रुला या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतो आणि तिथेच थांबतो. 2004 साली रॉबिन अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्याने या थांबण्यावर तापमान आणि ओलाव्याचा काय परिणाम होतो, यावर शोधनिबंध लिहिला.

दुसरी गोष्ट पडली. 2005 साली अँड्र्यूज यांनीच वेगवेगळ्या तापमानांना अंडी उबवून पाहिली. लिंग तापमानावर ठरतं, असं दिसलं नाही. 2018 मध्ये या जातीत माणसासारखीच एक्स-वाय लिंगगुणसूत्रं असल्याचं प्रसिद्ध झालं.

आता खरा प्रश्न. माणसं तीच, डबे तेच. मग एक दावा खरा आणि एक खोटा कसा?

उत्तर नोंदीच्या प्रकारात आहे. पहिल्या दाव्यासाठी दोनच तारखा लागतात: अंडी घातली कधी, फुटली कधी. त्या चुकणं कठीण. दुसऱ्या दाव्यासाठी तुलना लागते: एकाच मादीची अंडी वाटून वेगवेगळ्या तापमानांत ठेवायची, खराब झालेलीही मोजायची. एका कपाटात एकच डबा असेल तर ते होणार कसं? शिवाय कासवांच्या बऱ्याच जातींत लिंग तापमानावरच ठरतं, त्यामुळे हा दावा ऐकायला पटणाराही होता. पटणं वेगळं, दिसणं वेगळं.

म्हणून तुमच्या हातात कुठलीही अशी वही पडली, शेतकऱ्याची, सुईणीची, मच्छीमाराची, तर सरसकट मान्य करू नका आणि सरसकट फेकूही नका. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे 'त्याने काय पाहिलं', उजवीकडे 'त्याने त्याचं कारण काय मानलं'. डावी बाजू बहुतेक वेळा तुमचा पुरावा असते. उजवी बाजू तुमचं गृहीतक. माझं तळटीपेतलं 'हौशी साहित्य' आता स्वतंत्र प्रकरण झालंय.

जाता जाता एक सूचना. आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो घरी आणायचा नाही. दिसला तर जागा, वेळ आणि तारीख लिहून ठेवा. डावी बाजू तिथूनच सुरू होते.