पळसदरीचा फाटा

संगणकशास्त्रातील ‘डेप्थ-फर्स्ट सर्च’, म्हणजे खोलवर शोध, समजून घ्यायला कर्जतजवळच्या पळसदरीइतके चांगले ठिकाण आम्हांस सुचत नाही. फाट्यावर एक वाट धरायची, खुणा करीत ती संपेपर्यंत जायचे. पुढे नवे काही उरले नाही, की जिथे न चोखाळलेली वाट असेल अशा अलीकडच्या फाट्यापर्यंत मागे यायचे. त्रेमो या फ्रेंच गृहस्थाची ही भूलभुलैयातून सुटण्याची रीत एदुआर ल्युकाने १८८२ मध्ये छापली; १९७२ मध्ये रॉबर्ट टार्जनने तिचे खरे सामर्थ्य दाखवले.

मे १८५६ मध्ये जी. आय. पी. रेल्वे पळसदरीवरून खोपोलीस पोहोचली आणि थांबली. समोर बोरघाट. १८५८ पासून खंडाळ्याहून पुण्यास गाडी होती. मधला चढ मात्र पालखीने, नाहीतर तट्टावरून. घाटात चढणारी फांदी फुटली ती खोपोलीहून नव्हे, मागे पळसदरीहून, आणि १८६३ मध्ये खुली झाली. कागदावर मागे येणे जवळजवळ फुकट असते. या फांदीपायी रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले.

मुख्य मार्गाचे टोक असलेली खोपोली अशी शाखेचे टोक झाली. केळवली, डोळवली, लौजी ओलांडून गेलेल्या गाडीला त्याच वाटेने परतावे लागते. यांतला कोणताही दुवा तुटला तर खोपोली रेल्वेला मुकते. असे एकाकी दुवे टार्जनची रीत एकाच फेरीत हुडकते: परतताना ती फक्त पाहते, की खालच्या भागातून वर जाणारी दुसरी वाट होती का. पनवेल मार्गाने कर्जतला कल्याणकडे जाण्याची तशी वाट दिली. खोपोलीला ती अजून नाही.