रक्ताची परीक्षा कोणाच्या हाती?

रोगाचा इतिहास म्हणजे औषधांचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु रोग्याच्या दाराशी वैद्य आधी आला की पोलीस, हाही त्या इतिहासाचाच भाग होय, आणि एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर तोच मोठा भाग आहे. त्यातील एक प्रकरण आपल्या गोमंतकातच, बार्देशातील पर्रा गावी घडले. नव्या पिढीच्या कानांवर ते फारसे आलेले नाही, म्हणून आम्ही ते येथे सांगत आहो.

डॉमिनिक डिसोझा हा तेथील एक सुशिक्षित तरुण. हौशी रंगभूमीवर वावरणारा आणि नियमाने रक्तदान करणारा. १९८९ च्या फेब्रुवारीत एके दिवशी पोलीस त्याच्या घरी आले व त्याला म्हापशास घेऊन गेले. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी झाली होती आणि तीत एच.आय.व्ही. आढळला होता. हे शासनास ठाऊक होते, पोलिसांस ठाऊक होते. ज्याचे रक्त होते त्याला मात्र ठाऊक नव्हते! क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या एका ओसाड इमारतीत त्याला पहाऱ्यात एकटे ठेवण्यात आले. असे ६४ दिवस गेले.

हे सारे कायद्याने झाले, हे विसरता येत नाही. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य अधिनियम, १९८५ यात मागाहून घातलेल्या कलमानुसार अशा व्यक्तीस अलग ठेवता येत होते. डॉमिनिकची आई ल्यूसी डिसोझा हिने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली. परंतु अंतिम निकालात न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. तेव्हा आई खटला हरली, असेच कायद्याच्या भाषेत म्हणावे लागेल. लोकमताच्या न्यायालयात मात्र निराळे घडले. डॉमिनिकच्या मित्रांनी, नाटकातील सोबत्यांनी ही गोष्ट दडपू दिली नाही. आजाराचे नावही दबक्या आवाजात घेण्याचा तो काळ. त्या काळात या तरुणांनी आपल्या मित्राचे नाव उघडपणे घेतले. पुढे १९९२ साली डॉमिनिकने आपल्या सहकाऱ्यांसह ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले.

मद्रासची हकीकतही याच जातीची आहे. १९८६ साली भारतातील पहिले रुग्ण तेथे आढळले. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या तरुण विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, आणि सोय नसल्यामुळे ते घरच्या शीतकपाटात ठेवले. एवढ्या निष्ठेने लागलेल्या शोधाचे फळ त्या स्त्रियांच्या पदरी काय पडले? तशा कित्येकींना सुधारगृहांत अडकवून ठेवण्यात आले.

दोन्ही ठिकाणी दोष परीक्षेचा नव्हता; तिचा निकाल ज्याच्या हाती पडला त्याने तिचे कुलूप केले. लोक तपासणीस भितात ते सुईमुळे नव्हे, हे समजण्यास एवढा इतिहास पुरे आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. २००४ च्या एप्रिलपासून शासन या रोगावरील औषधे विनामूल्य देत आहे. ती नियमाने घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका घटला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही तो दुसऱ्यास लागत नाही. एका पंक्तीस जेवल्याने, एका तळीत स्नान केल्याने, तीर्थप्रसाद हातोहात घेतल्याने तर तो कधीच लागत नव्हता. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून चाचणी करण्यास मनाई केली, आणि बाधित व्यक्तीस अलग ठेवणे हाच भेदभाव ठरविला. ल्यूसीबाईंनी जे मागितले ते असे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी मिळाले. याच कायद्यात बारा ते अठरा वर्षांच्या समजूतदार मुलास, घरात हा आजार असल्यास, धाकट्या भावंडाचा पालक म्हणून उभे राहण्याचा अधिकार आहे. त्याची वाच्यता फारशी होत नाही.

स्वचाचणीचे महत्त्व आम्हांस या पार्श्वभूमीवर वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली तिची शिफारस केली. हिरड्यांवरून फिरविलेली काडी किंवा बोटातील रक्ताचा थेंब, आणि सुमारे वीस मिनिटांची वाट. निकाल प्रथम ज्याचा त्याला कळतो. तथापि ही चाचणी अखेरची नव्हे. बाधा दिसल्यास केंद्रावर जाऊन खातरजमा करावी लागते. आणि संसर्गाचा धोका अलीकडचा असेल तर चाचणी ‘निर्दोष’ दिसूनही तीन महिन्यांनी पुन्हा करणे इष्ट. आपल्याकडे शासकीय केंद्रांत तपासणी व समुपदेशन विनामूल्य आहे, आणि १०९७ या दूरध्वनीवर नाव न सांगता विचारता येते. दुसऱ्यास बळेच चाचणी करावयास लावणे, मग तो भावी जावई का असेना, ही स्वचाचणी नव्हे. ती पर्ऱ्याचीच पुनरावृत्ती होय.

नायजेरियात हे काम तरुणांकडेच सोपविण्याचा प्रयोग झाला. स्वचाचणी समवयस्कांपर्यंत कशी न्यावी, याच्या कल्पना स्पर्धा लावून त्यांच्याचकडून मागविल्या गेल्या. आम्हांस ही रीत पटते. वडीलधाऱ्यांनी उपदेश करावा आणि मुलांनी माना खाली घालाव्या, या विषयात ते चालत नाही.

आणि आपल्याकडे तर साधनही तयार आहे. देवळाच्या उत्सवात गावची तरुण मंडळी नाटक बसवितात, ते पाहण्यास सारा गाव मांडवात जमतो. पौराणिक आणि ऐतिहासिक नाटके होतच राहोत. पण एखाद्या मंडळाने येत्या जत्रेस पर्ऱ्याचे प्रकरण घ्यावे, असे आम्ही सुचवितो. त्यात पोलीस आहेत, न्यायालय आहे, मित्र आहेत, आणि मुलासाठी सरकारविरुद्ध उभी राहिलेली एक आई आहे. देवस्थानच्या महाजनांनी परवानगीस फार दिवस लावू नयेत, एवढेच.