मतदान यंत्रातील आज्ञावलीची सुरक्षितता

बंगळुरू : देशातील निवडणुकांसाठी इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांची निर्मिती दोनच सार्वजनिक उपक्रमांकडून केली जाते. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड, म्हणजेच ‘बेल’, हा त्यांपैकी एक, तर अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हा दुसरा. केरळमधील परूर मतदारसंघात १९८२ साली या यंत्रांचा प्रथम वापर झाला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर वापरण्यात आली. या यंत्रांतील आज्ञावली कोणालाही वाचता येऊ नये, अशी तजवीज करण्यात आली आहे.

रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे काय?

अभियंत्याने लिहिलेली मूळ आज्ञावली, अर्थात सोर्स कोड, जाणकाराला वाचता येते. कंपायलर तिचे यंत्राला समजणाऱ्या शून्य-एकच्या संकेतांत रूपांतर करतो. या रूपांतरात अभियंत्याने लिहिलेल्या टिपा व दिलेली नावे गळून पडतात. मात्र कार्यपद्धतीचा तर्क शिल्लक राहतो. डिसअसेंबलरसारख्या साधनांनी तो पुन्हा उलगडण्याच्या प्रक्रियेला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

हे टाळण्यासाठी सॉफ्टवेअर कंपन्या संकेतांची रचना हेतुपुरस्सर गुंतागुंतीची करतात किंवा त्यांचे कूटांकन करतात. परंतु आज्ञावली चालवण्यासाठी संगणकाला ती अखेर उलगडावीच लागते. त्यामुळे अशा उपायांनी उलगडणाऱ्याचा वेळ व खर्च वाढतो, मार्ग पूर्णतः बंद होत नाही.

चिपमधील बंदोबस्त

मतदान यंत्रात याहून कडक उपाय योजण्यात आला आहे. आज्ञावली मायक्रोकंट्रोलर चिपमध्ये एकदाच लिहिली जाते. त्यानंतर ती बाहेरून वाचता वा बदलता येत नाही, असे निवडणूक आयोगाचे म्हणणे आहे. परदेशी चिप-उत्पादकांना मूळ आज्ञावली दिली जात नाही, तसेच यंत्र इंटरनेट किंवा अन्य कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते, असेही आयोगाने स्पष्ट केले आहे.

२०१० मधील संशोधन

हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जे. अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंग्राइप यांनी २०१० साली एका मतदान यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकाल दाखवणारा फलक बदलून त्या जागी तसाच दिसणारा बनावट फलक बसवता येतो आणि मते साठवणाऱ्या स्मृती-चिपला लहानसे उपकरण जोडून नोंदी बदलता येतात, असे त्यांनी दाखवले. चिपमधील आज्ञावली उलगडण्याची गरज यापैकी कोणत्याही पद्धतीत नव्हती. प्रशासकीय सुरक्षा व्यवस्थेमुळे यंत्रापर्यंत असे पोहोचणेच शक्य नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली. अभ्यासासाठी वापरलेले यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीस गेल्याच्या प्रकरणात हरी प्रसाद यांना ऑगस्ट २०१० मध्ये अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला.

कायद्यातील तरतुदी

भारतात रिव्हर्स इंजिनिअरिंगवर सरसकट बंदी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीरपणे मिळवलेल्या आज्ञावलीचे कार्य अभ्यासण्यास व तपासण्यास, तसेच अन्य आज्ञावलीशी तिचा मेळ घालण्यास मुभा आहे. मात्र हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय भेदणे हा २०१२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ६५-अ नुसार गुन्हा असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

गोपनीयता आणि विश्वास

आज्ञावली गुप्त ठेवल्याने तिची नक्कल टळते. पण ती बिनचूक आहे याची खात्री मतदाराला त्यातून मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१३ पासून मताची छापील पावती दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे वापरात आली. मूळ आज्ञावलीच्या स्वतंत्र परीक्षणाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळली.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने सर्व पावत्या मोजण्याची मागणीही अमान्य केली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना, निकालानंतर ७ दिवसांत लेखी मागणी करून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी करून घेण्याची मुभा दिली. ही तपासणी उत्पादक संस्थांचेच अभियंते करतात. खर्च उमेदवाराने सोसायचा असून, छेडछाड सिद्ध झाल्यास ती रक्कम परत केली जाते.