दोन वाटा, सहा वर्षे

शिवाजी पेठेतील न्यू कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे नाव 'श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस'. महाविद्यालयाशी बोर्डिंगचा संबंध काय, असे कोल्हापुरात नवीन आलेल्याला वाटते. खेड्यातला मुलगा शिकत नाही तो बुद्धीच्या नव्हे, राहण्याजेवणाच्या अभावी, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पुढे इतर समाजांचीही वसतिगृहे निघाली. संस्थेच्या नावात तो इतिहास राहिला आहे.

योगायोग असा, की त्याच १९०१ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या जोलिएट गावी हाच प्रश्न उलट बाजूने सोडवला गेला. पदवीची पहिली दोन वर्षे गावच्या हायस्कुलातच शिकवू लागले. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे ६! तेथून 'कम्युनिटी कॉलेज' वाढले : दोन वर्षे घराजवळ, मग विद्यापीठाचे तिसरे वर्ष.

आपल्याकडे याच्या जवळचे म्हणजे तंत्रनिकेतन. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. दहावीपासून हिशेब करू. बारावीमार्गे २ + ४ = ६ वर्षे; पदविकेमार्गे ३ + ३, म्हणजे तेवढीच. तरी 'डिप्लोमाला गेला, आता नोकरीच करणार' असे आपण शिक्षक सहज बोलून जातो.

या वाटेवर निसटते ते गणित. पदविकेचा विद्यार्थी प्रोग्रॅम झटपट लिहितो. संगणकशास्त्रातील संशोधनाला मात्र सिद्धताही लागते. हजार नावांत एक नाव ओळीने शोधले, तर १००० वेळाही पाहावे लागेल. यादी अकारविल्हे असेल आणि दर वेळी निम्मी बाद केली, तर १० वेळा पुरे. दहा लाखांना २०. असे का, हे दाखवायला घातांक व लॉगरिदम हवेत. हे आठवी-नववीच्या वर्गातही सुरू करता येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात किमान ७५ टक्के गुण असल्यास एम.टेक. न करता पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. राहण्याजेवणाचा जुना प्रश्न येथे पाठ्यवृत्तीवर येतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकांची पाठ्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये केली. ती चाचणी परीक्षा देऊन मिळवावी लागते, आणि घरी हे बहुधा कुणाला ठाऊक नसते. अंतिम वर्षाच्या आरंभी कंपन्या नोकऱ्या देण्यासाठी महाविद्यालयात येऊ लागतात. 'गेट' परीक्षेचे अर्जही साधारण त्याच सुमारास, ऑगस्ट-सप्टेंबरात, भरायचे असतात.