खेचरांच्या वाटेवर सायकल

४ जुलै १८२८ या दिवशी अमेरिकेत एकमेकांपासून जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवर दोन समारंभ झाले. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीच्या काठी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या खोदाईचा मुहूर्त केला. त्यांचे फावडे झाडाच्या मुळात अडकले, तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढून ठेवला आणि पुन्हा जोर लावला. त्याच दिवशी बाल्टिमोर शहरात चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवण्यात आला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेव्हा हयात असलेले ते एकटेच होते. दोन्ही योजनांचे उद्दिष्ट एकच होते. किनाऱ्यावरच्या शहरांना ॲलेगेनी पर्वतापलीकडच्या ओहायो नदीशी जोडायचे.

आज याच मुलखातून सायकलस्वार वॉशिंग्टनपासून पिट्सबर्गपर्यंत सुमारे ५४० किलोमीटर अंतर जवळजवळ सर्वत्र मोटाररस्ता टाळून जाऊ शकतात. त्यांपैकी पहिले २९७ किलोमीटर कालव्याच्या काठाने आहेत आणि पुढचे २४० किलोमीटर रूळ काढून टाकलेल्या लोहमार्गावरून. दोन्ही बाजूंना रानाने झाकलेले डोंगर आहेत आणि त्या डोंगरांतही सायकलीच्या वाटा आहेत. यांपैकी एकही मुख्य मार्ग सायकलीसाठी बांधलेला नाही. मग तो कोणासाठी बांधला होता? कागदपत्रे न उघडता याचे उत्तर मिळू शकते. त्यासाठी वाटेचा चढ मोजावा लागतो.

खेचराचा चढ

नाव पाण्यावर असली, तरी तिला ओढणारी जनावरे जमिनीवरून चालतात. त्यांच्यासाठी कालव्याच्या काठाने सुमारे ३.७ मीटर रुंदीची सपाट वाट केलेली होती. तिला आपण ओढवाट म्हणू. या कालव्यावर दोन किंवा तीन खेचरे लांब दोराने एक नाव ओढत, आणि नावेत १२० टनांपर्यंत कोळसा असे. खडबडीत रस्त्यावर बैलगाडीत किंवा घोडागाडीत किती माल नेता येतो हे आठवले, म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. अगदी सावकाश चालणाऱ्या नावेला पाण्याचा रोध फार कमी असतो. मात्र वेग दुप्पट केला, तर रोध सुमारे चौपट होतो. म्हणून कालव्यावरची वाहतूक माणसाच्या चालीनेच होत असे.

कालव्याची अट एकच असते, ती म्हणजे पाणी सपाट राहिले पाहिजे. परंतु वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत जमीन १८४ मीटर चढते. यावर उपाय म्हणजे लॉक. दोन्ही टोकांना दारे असलेला हा एक लांबट दगडी हौद असतो. नाव आत घेऊन दारे लावायची आणि वरच्या बाजूचे पाणी आत सोडायचे, की नाव उचलली जाते. पाणी खाली सोडले, की ती उतरते. या कालव्यावर अशी ७४ लॉक आहेत, म्हणजे प्रत्येकाचा वाटा सरासरी अडीच मीटरांचा. लॉकची लांबी सुमारे ३० मीटर आणि रुंदी साडेचार मीटर. म्हणजे नाव एकदा चढवायला किंवा उतरवायला सुमारे ३,४०,००० लिटर पाणी खर्च होई. खेचरांना नावेचे वजन चढावर कधीच ओढावे लागत नसे. ते काम वरून खाली येणारे पाणी करी.

ओढवाटेवरून जाणाऱ्या सायकलस्वाराला हे सारे पायांना जाणवते. मैलोन्‌मैल वाट सपाट असते. मग एखादे लॉक येते आणि त्याच्या शेजारी छोटासा चढ लागतो. तो संपला, की पुन्हा सपाटी. २९७ किलोमीटरांत १८४ मीटर म्हणजे दर किलोमीटरला सरासरी ६२ सेंटिमीटर चढ झाला.

सपाटीची किंमत

ही सपाटी स्वस्तात मिळाली नाही. कालवा खोदणाऱ्यांत आयर्लंडहून आलेल्या मजुरांचा मोठा भरणा होता. १८३२ आणि १८३३ साली त्यांच्या छावण्यांमध्ये पटकीची साथ पसरली. पॉ पॉ या गावाजवळ नदी सुमारे दहा किलोमीटरांत घोड्याच्या नालासारखी पाच वळणे घेते. ती टाळण्यासाठी डोंगरातून ९५० मीटर लांबीचा बोगदा काढायचे ठरले. १८३६ साली काम सुरू झाले, तेव्हा दोन वर्षांचा अंदाज होता. हाताने भोके पाडून, त्यांत सुरुंगाची दारू भरून खडक फोडायचा, अशी पद्धत होती. खडकाने दाद दिली नाही, पैसा संपला, मजुरांचे पगार थकले, दंगे झाले, काही वर्षे काम बंदच पडले. बोगदा वापरात आला तो १८५० साली. त्याच वर्षी कालवा कंबरलँडला पोहोचला आणि तेथेच थांबला. ओहायो नदी त्याने कधीच गाठली नाही.

नावा चालवणारी बरीचशी कुटुंबे नावेवरच राहत आणि खेचरांबरोबर चालण्याचे काम अनेकदा मुलांकडे असे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारच्या बालकल्याण विभागाने या मुलांची पाहणी केली. वसंतापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत नावा चालत, त्यामुळे शाळेचे कितीतरी महिने बुडत, असे तीत दिसून आले. ज्या वाटेवर आज सहली जातात, ती वाट काही मुलांची शाळा हिरावून घेणारी होती, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इंजिनाचा चढ

रेल्वे कंबरलँडला १८४२ सालीच पोहोचली होती. म्हणजे कालवा पूर्ण झाला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी आठ वर्षे पुढे होता. १८५२ च्या अखेरीस ती रेल्वे व्हीलिंग येथे ओहायो नदीला भिडली. रेल्वे डोंगर चढू शकते. कालव्याला मात्र प्रत्येक अडीच मीटरांना एक लॉक बांधावे लागते आणि माथ्यावर पाणीही असावे लागते. शर्यतीचा निकाल यातच होता.

तरी इंजिनालाही मर्यादा असते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा घर्षण फार कमी, म्हणजे एक टन वजनाला ढोबळमानाने दोन किलोग्रॅम वजनाइतके बल पुरते. पण शंभराला एक असा चढ आला, की त्यात आणखी दहा किलोग्रॅमची भर पडते. ओढीचे ओझे एकदम सहापट होते! म्हणून रेल्वेचे अभियंते चढाला इतके जपतात. आपल्या बोरघाटात १८६३ साली सुरू झालेल्या लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, आणि तेथे गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

कंबरलँडहून पश्चिमेकडे जाणारी आजची सायकलवाट मुख्यतः दुसऱ्या एका कंपनीच्या, वेस्टर्न मेरिलँड रेल्वेच्या, मार्गावरून जाते. हा मार्ग १९१२ साली सुरू झाला आणि १९७५ साली बंद पडला. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची वाट झाली आणि ती २०१३ साली पूर्ण झाली. कंबरलँडहून ती सुमारे ३८ किलोमीटरांत ५४५ मीटर चढते आणि ७२९ मीटर उंचीवरच्या जलविभाजकावर पोहोचते. सरासरी चढ सुमारे १.४ टक्के. आगगाडीसाठी हा घाटच, पण सायकलस्वाराला तो फक्त पायांवर ताण आल्यामुळे कळतो.

पायांचा चढ

आता डोंगरातल्या वाटांकडे वळू. माउंटन बाइक या सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगराच्या परिसरात झाला. १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटत. त्यांच्या प्रसिद्ध शर्यती १९७६ साली सुरू झाल्या. त्या रस्त्याची लांबी ३.४ किलोमीटर आणि उतार ३९६ मीटर, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. इंग्रजीत त्या शर्यतीला नावच ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. १९७७ साली जो ब्रीझ यांनी अशा वापरासाठी खास सांगाडा तयार केला. १९८१ पासून अशा सायकलींचे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले.

हा हिशेब वर्गात सहज करता येईल. सायकलस्वार आणि सायकल मिळून ९० किलोग्रॅम धरा. वेग ताशी १५ किलोमीटर. सपाट ओढवाटेवर जमिनीचे घर्षण आणि हवेचा रोध यांसाठी सुमारे ५० वॅट लागतात. १.४ टक्के चढ असलेल्या लोहमार्गावर चढाचे आणखी ५० वॅट, म्हणजे एकूण १००. निरोगी माणूस बराच वेळ देऊ शकेल अशी शक्ती साधारण एवढीच असते. आणि १२ टक्के चढावर? तेथे चढासाठीच सुमारे ४४० वॅट हवेत. शंभर वॅटमध्ये जायचे, तर वेग पायी चालण्याहूनही कमी होतो. कमी गतीचे गिअर नसतील, तर उतरून सायकल ढकलावी लागते. तीन चढ तीन कर्ते सांगतात. शून्य चढ खेचराचा आणि पाण्याचा, दीड टक्का इंजिनाचा. बारा टक्के मात्र ज्याच्याजवळ पेट्रोलचे इंजिन आहे, किंवा जो फक्त खाली येणार आहे, त्याचा.

यातली खरी गंमत पुढे आहे. १९८० च्या दशकात डोंगरात सायकली वाढल्या, तशा तक्रारीही वाढल्या. पायी चालणाऱ्यांना धोका वाटू लागला आणि वाटा झिजू लागल्या. सरळ उतरणाऱ्या वाटेवर चाकाची चाकोरी पडते, पावसाचे पाणी त्या चाकोरीलाच ओढा मानते आणि दोन-चार हंगामांत तेथे घळ तयार होते. वाटा आखणाऱ्यांनी यावर नियम बसवले. वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवावा, तो डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि वाट उतार कापत आडवी न्यावी, म्हणजे पाणी वाटेवरून ओलांडून जाईल, वाटेने वाहणार नाही. हे म्हणजे समोच्च रेषेला धरून चालणे. कालव्याच्या अभियंत्याने पाणी जागेवर राहावे म्हणून जे केले, तेच दीडशे वर्षांनंतर पाणी निघून जावे म्हणून करावे लागले.

वाट तुटली असती तर

१८८९ च्या महापुरात कालवा मोडला आणि त्याचा ताबा रेल्वेच्या हाती गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची बंद पडली. १९३८ साली रेल्वेने ही जमीन २० लाख डॉलरना केंद्र सरकारला विकली. १९५० च्या सुमारास तिच्यावरून मोटारींसाठी निसर्गरम्य रस्ता काढावा असा प्रस्ताव पुढे आला, आणि जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याला अग्रलेखातून पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी पत्र लिहून संपादकांना आव्हान दिले, की माझ्याबरोबर ही वाट चालून पाहा. २० मार्च १९५४ रोजी मंडळी कंबरलँडहून निघाली. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचली तेव्हा सर्व अंतर चाललेले नऊजण उरले होते. वृत्तपत्राने आपला सूर बदलला. १९६१ साली कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि जानेवारी १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

या प्रकरणात पुराणवस्तू वाचवण्याइतकाच आणखी एक प्रश्न होता. २९७ किलोमीटर लांबीचा सलग, सपाट पट्टा आज कोणी पैसे मोजूनही नव्याने मिळवू शकत नाही. मध्ये एक किलोमीटर जरी तुटला, तरी उरलेल्याची किंमत फार घटते. बंद पडलेल्या लोहमार्गांबाबत अमेरिकेने १९८३ साली कायद्यात तरतूद केली, की पट्टा मोडून न विकता वाट म्हणून राखता येईल. पुढे गरज पडली, तर तेथे पुन्हा रूळ घालता येतील. जनावरासाठी केलेली वाट यंत्राला किंवा माणसाला उपयोगी पडेल की नाही, हे ती करणाऱ्याला ठाऊक नसते. ती मोडणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्याकडचे बहुतेक कालवे शेतीसाठी आहेत, पण समोच्च रेषेचा नियम त्यांनाही लागू आहे. पुण्यात खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा पर्वतीच्या बाजूने वळत जातो, तो याच कारणाने. आपल्या तालुक्याचा सर्वेक्षण विभागाचा नकाशा मिळवून विद्यार्थ्यांना त्यावर चार वाटा शोधायला सांगाव्यात. एक कालव्याच्या काठची, एक लोहमार्गाची, एक डांबरी रस्त्याची आणि एक जुन्या घाटाची, जिथून बैलांचे तांडे जात. समोच्च रेषा मोजून प्रत्येकीचा चढ काढावा. मग प्रत्येक वाटेवर पहिल्यांदा ओझे कोणी वाहिले, हे विद्यार्थ्यांनी आधी आकड्यावरून सांगावे आणि नंतर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पडताळून पाहावे.