मोडीचा भाव

वसईकराला मोडीचा भाव आणि वस्तूचा भाव यांतला फरक मुद्दाम समजावून सांगण्याचे कारण नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा येथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्या वितळवल्या असत्या तर काही मण धातू पदरात पडला असता. कित्येक घंटा मात्र जशाच्या तशा उचलून देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरास आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहावयास मिळतात. मोड न झाल्यामुळेच त्या इतिहासाच्या साक्षीदार झाल्या.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते संगणकाविषयी, आणि तेही जुन्या, टाकून दिलेल्या संगणकाविषयी. ज्या यंत्राविरुद्ध आमच्या चळवळीने मोर्चे काढले त्याचीच कड आता आम्ही घेतो आहोत, याचे कुणाला हसू आले तर त्यात वावगे नाही.

अमेरिकेत १९७६ साली वॉझनियाक आणि जॉब्स या दोघा तरुणांनी ‘ॲपल-१’ नावाचे यंत्र काढले. यंत्र कसले, नुसती सुटे भाग जडवलेली पाटी! किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट, आणि एकंदर नग सुमारे २००. त्यांतला एक २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरांना गेला. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा म्हणतात, तो असा.

ही झाली बड्यांची गोष्ट. सामान्य माणसाच्या जुन्या यंत्राला गिऱ्हाईक मिळू लागले ते इंटरनेटवरच्या लिलावामुळे. १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी जी पेठ उघडली तिचेच पुढे ‘ईबे’ झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटांचा. मोडक्या वस्तूलाही जगात कुठेतरी कदरदान असतो, फक्त तो आपल्या गल्लीत नसतो. लिलावाची रीतही वेगळी. ‘एक वार, दोन वार’ ओरडणारा तेथे कुणी नाही. गिऱ्हाईक आपली कमाल बोली गुपचूप नोंदवून ठेवते, आणि दुसऱ्याच्या बोलीपेक्षा थोडी वर अशी त्याची बोली यंत्रच चढवत राहते. आपल्याकडे हा धंदा मुंबईतच सुरू झाला. २००० साली ‘बाझी’ निघाली, २००४ साली ती सुमारे ५ कोटी डॉलरांना ईबेने घेतली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतातले ते दुकान बंद झाले.

परंतु जुन्या संगणकाची विक्री मुंबईस नवी नव्हती. १९६० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनी परदेशात वापरून टाकलेली १४०१ जातीची यंत्रे येथे आणून, दुरुस्त करून भाड्याने देत असे. संसदेच्या लोकलेखा समितीने पुढे या व्यवहारावर कडक टीका केली. परकीय चलनाच्या कायद्यापायी १९७८ साली कंपनीने देश सोडला, तेव्हा भाड्याची यंत्रे भाडेकऱ्यांनाच विकून ती मोकळी झाली. त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. म्हणजे सुरुवातीस आम्हांला जुने विकले गेले ते नव्याच्या दिमाखात!

याच यंत्रांवरून लढेही झाले. १९६६-६७ च्या सुमारास आयुर्विमा महामंडळाचा संगणक बसू नये म्हणून कलकत्त्यास कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. सरकारने पुण्याच्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाबाबत समिती नेमली. १९८३ साली बँकांत करार झाला आणि खतावणीची यंत्रे शाखांत शिरली. या लढ्यांची पत्रके आम्ही जपून ठेवली. ज्याच्याविरुद्ध लढलो ते यंत्र मात्र एकही ठेवले नाही. ही चूक आमची.

आता सरकारी कचेऱ्यांतले जुने सामान १९६४ साली स्थापन झालेल्या एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीमार्फत इंटरनेटवरच लिलावात निघते. तेथे बोली यंत्रावर नसते, ढिगावर असते, आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट असते. २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांमुळे असा माल अधिकृत परवानेवाल्याकडेच जावा लागतो. या नियमाला आमचा पाठिंबाच आहे. उघड्यावर वायरी जाळून तांबे काढणाऱ्यांच्या आणि ॲसिडात पाट्या बुडवून सोने शोधणाऱ्या पोरांच्या छातीचे काय होते, हे निराळे सांगावयास नको. पण त्याच वाटेने जे एखादे यंत्र राखावयास हवे तेही चुरा होते. कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयाने जर्मनीतून आणि कनेक्टिकटातून दोन १४०१ यंत्रे अखंड मिळवली, आणि निवृत्त अभियंत्यांनी ती पुन्हा चालू केली. यंत्र अखंड होते आणि त्याची नस जाणणारी माणसे हयात होती, म्हणून ते साधले. आपल्याकडे ती माणसे एकेक करून चालली आहेत. लिलावाची यादी करतानाच प्रत्येक जातीचा एक नग बाजूला काढावा, एवढी मागणी एखाद्या कर्मचारी संघटनेने केली तर तिला कुणाचा विरोध होईल असे आम्हांस वाटत नाही.

आमचे एक स्नेही बँकेत कारकून होते. ज्या खतावणी-यंत्रावर ते प्रथम शिकले ते शाखेने अडगळीतून काढून ढिगात विकल्याचे त्यांना निवृत्तीनंतर कळले. विचारपूस करीत आम्ही दोघे वसई पूर्वेला वालीवच्या एका भंगाराच्या वखारीत पोचलो. पत्रा एकीकडे, तारा एकीकडे, पाट्या गोणीत. तेवढा कीबोर्ड शाबूत होता. स्नेह्यांनी किंमत विचारली. “काका, वजनावर देतो,” पोरगा म्हणाला, आणि त्याने तो काट्यावर ठेवला. स्नेही घासाघीस न करता पैसे देऊन मोकळे झाले. तो कीबोर्ड आता युनियनच्या कपाटात आहे, १९८३ च्या कराराच्या प्रतीशेजारी.